नाकारायचे असेल तर हिशेबासकट नाकारा

प्रति,
दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवणाऱ्या गोव्यातील वैद्यकीय मंडळांचे सर्व सदस्य,
आणि त्या टक्केवारीवरून मदतीचे अर्ज मंजूर-नामंजूर करणारे सर्व अधिकारी

स. न. वि. वि.

दिव्यांग माणसाने सरकारी मदतीसाठी केलेला अर्ज तुम्ही नाकारता, तेव्हा तो कोणत्या हिशेबाने नाकारला आणि त्याविरुद्ध दाद कुणाकडे व किती दिवसांत मागायची, हे त्याच कागदावर लिहून द्या. माझी मागणी एवढीच आहे. ती का करावीशी वाटली हे सांगायला मात्र थोडी जागा लागेल. पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण पेडण्यापासून काणकोणापर्यंत असे कागद हातात धरून बसलेली माणसे किती असतील याची कल्पना मला आमच्या एका तालुक्यावरूनच येते. आमच्या बाबतीत ज्या रुग्णालयात आणि ज्या कचेरीत हे घडले त्यांची नावे मुद्दाम लिहीत नाही, योजनेचेही लिहीत नाही. एखाद्या टेबलावरच्या माणसाला मान खाली घालायला लावून मला काही मिळवायचे नाही.

माझा धाकटा भाऊ पाडेली. माडावर चढून नारळ पाडून द्यायचे, सुकी झावळे आणि पोयी काढून माड साफ करायचा, हे काम तो वडिलांकडून शिकला. गावातल्या बहुतेक भाटकारांचे, म्हणजे बागांच्या मालकांचे, माड त्याच्याकडे असायचे. पावसाळा तोंडावर आला की घरांवर झुकलेले माड सगळ्यांनाच एकदम आठवतात. त्या घाईच्या दिवसांतच तो पडला. उजवा खुबा मोडला, आणि पडताना अंगाखाली सापडलेले उजवे मनगटही. शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात झाली. ज्या डॉक्टरांनी ती केली त्यांचे उपकार आमचे घर विसरणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना हे पत्र डॉक्टरांविरुद्ध आहे असे कुणाला वाटू नये.

आज तो काठी घेऊन अंगणापर्यंत जातो. खुबा पुरता वाकत नाही, म्हणून उकिडवे बसता येत नाही, मांडी घालता येत नाही. मनगट भार घेत नाही, म्हणून उजवीकडे कुबडी चालत नाही आणि हाताचा रेटा देऊन बसल्या जागेवरून उठताही येत नाही. पाय अधू पण हात धड, असा माणूस एका जागी बसून चार पैशांचे काम करू शकतो. हात अधू पण पाय धड, असा माणूस चालत जाऊन काम शोधू शकतो. याचा पायही गेला आणि हातही, तेही एकाच बाजूचे. घरात म्हातारी आई, बायको आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. मी जवळच्याच गावात राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. जमेल ते करते, पण बहिणीच्या पगारावर भावाचे घर किती दिवस चालायचे, आणि त्याने ते का चालवून घ्यायचे?

तपासणीच्या वेळी मी त्याच्याबरोबर आत होते. डॉक्टरांनी त्याला खाटेवर निजवले, पाय उचलायला सांगितला, गुडघ्यात दुमडायला सांगितला, कोन मोजायच्या पट्टीने खुब्याचा कोन घेतला, पायावर हात दाबून ताकद पाहिली आणि केसपेपरवर काहीतरी लिहिले. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या डॉक्टरांनी मनगट फिरवून पाहिले आणि स्वतःची दोन बोटे त्याच्या मुठीत देऊन घट्ट धरायला सांगितले. भावाने ओठ आवळून धरली ती बोटे. डॉक्टरांनी ती सहज काढून घेतली. त्यांनीही लिहिले. बाहेर रांग पार जिन्यापर्यंत गेली होती आणि त्या दोघांना पाणी प्यायलाही सवड नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तिथून पुढचे काम कारकुनाचे. काही दिवसांनी प्रमाणपत्र आले, त्यावर उजव्या पायाचे ३१ टक्के. हाताचा उल्लेख नाही.

मग मदतीचा अर्ज. त्याला जोडायचे सगळे दाखले जोडले होते. उत्तर आले त्यात कारणाच्या जागी इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ असा की दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी, म्हणून अपात्र. खाली सही आणि शिक्का. अपील करता येते की नाही, येत असेल तर कुठे, याबद्दल अक्षरही नाही.

कचेरीत विचारले तर तिथले साहेब म्हणाले, आमच्याकडे जो आकडा येतो त्यावर आम्ही काम करतो, टक्के वाढवून हवे असतील तर डॉक्टरांकडे जा. रुग्णालयात गेलो तर सांगितले, प्रमाणपत्र तर दिले आहे, मदत का नाकारली ते कचेरीत विचारा. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते. त्या दोन खऱ्या बोलण्यांच्या मधल्या फटीत माझा भाऊ पडला होता.

"टक्के वाढवून हवेत" हे शब्द मला फार लागले. आम्हाला काही वाढवून नको होते. जे आहे ते मोजले जावे, एवढेच हवे होते.

माहिती हक्काच्या कायद्याखाली अर्ज करून आम्ही त्याचे केसपेपर मागवले. ते मिळाले, वेळेत मिळाले, हेही सांगितले पाहिजे. त्यात दोन्ही डॉक्टरांचे आकडे होते: पाय ३१, मनगट आणि हात १८. म्हणजे तपासणी झाली होती, मोजमाप झाले होते, दुसऱ्या टेबलावरच्या डॉक्टरांनी आपले काम नीट केले होते. फक्त ते १८ प्रमाणपत्रापर्यंत पोचलेच नाहीत.

आता हिशेबाचे बोलू. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०१८ रोजी दिव्यांगत्व कसे मोजायचे याची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली, २०२४ साली त्यांत सुधारणा झाल्या. तुम्हा मंडळींना ती तोंडपाठ असतील. पण ज्याच्या शरीराचे हे मोजमाप होते त्याला ती कुणी सांगत नाही, म्हणून वाचणाऱ्यांसाठी लिहिते. दोन अवयवांचे किंवा दोन प्रकारचे अधूपण असेल तर आकड्यांची नुसती बेरीज करत नाहीत, आणि मोठा आकडा ठेवून लहान सोडूनही देत नाहीत. त्यासाठी एक सूत्र आहे. मोठा आकडा 'अ' आणि लहान आकडा 'ब' धरायचा. ९० मधून 'अ' वजा करायचा, जे उरेल त्याने 'ब' ला गुणायचे, ९० ने भागायचे, आणि येईल ते 'अ' मध्ये मिळवायचे. भावाचे आकडे घालून पाहा. ९० वजा ३१ म्हणजे ५९. १८ गुणिले ५९ म्हणजे १०६२. त्याला ९० ने भागले की ११.८. त्यात ३१ मिळवले की ४२.८.

माझ्या शाळेतली पोरे हे गणित करतील. रुग्णालयाच्या स्वतःच्या कागदावरचे, रुग्णालयाच्या स्वतःच्या डॉक्टरांनी लिहिलेले दोन आकडे घेतले तरी माणूस ४० च्या वर जातो. ४० च्या खाली राहिला तो केवळ दुसरा आकडा वाटेत गळाल्यामुळे.

आणि हे झाले ३१ हा आकडा बरोबर आहे असे मानून. माझ्या मते तोही अपुरा आहे. पायाचे मोजमाप दोन भागांत होते. एक भाग सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद. तो भावाच्या बाबतीत खाटेवर पाहिला गेला. दुसरा भाग आहे स्थैर्याचा. त्यासाठी माणसाकडून नऊ गोष्टी करून घ्यायच्या असतात: सपाट जागेवर चालणे, उतारावर चालणे, जिना चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, अधू पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालून बसणे, गुडघ्यांवर बसणे आणि वळणे. प्रत्येक गोष्टीला १० टक्के, एकूण ९०. ज्यांनी ही यादी केली त्यांना आपल्याकडचे जगणे ठाऊक होते असे मला ती वाचताना वाटले. खुर्ची-टेबलावर आयुष्य काढणाऱ्याला उकिडवे बसता आले काय नि न आले काय. पण ज्याच्या घरी शौचाला उकिडवेच बसावे लागते, अंघोळीचा दगड जमिनीलगत आहे, पंगतीला मांडी घालावी लागते आणि घरातून रस्त्यावर यायला जांभ्या दगडाच्या पायऱ्या उतराव्या लागतात, त्याचे सगळे दिव्यांगत्व त्या नऊ गोष्टींतच दिसते. भावाला त्यांपैकी एकही करून दाखवायला सांगितले नाही. तो खाटेवर होता. खाटेवर निजलेल्या माणसाचे स्थैर्य कसे मोजणार?

मी कुणाच्या हेतूबद्दल शंका घेत नाही. रांग मोठी, माणसे कमी, एका माणसामागे मिळणारी मिनिटे थोडी. पण नेमके म्हणूनच हिशेब कागदावर उतरला पाहिजे. प्रमाणपत्रासोबत अर्ध्या पानाचा तक्ता असता, पायाची हालचाल इतकी, स्थैर्य इतके, हात इतका, सूत्र लावून एकूण इतके, तर हाताची रिकामी जागा तिथेच कारकुनाच्या डोळ्याला खुपली असती. डॉक्टरांच्या खुपली असती. नाहीतर आमच्या. रुग्णालयातून बाहेर पडायच्या आत दुरुस्ती झाली असती, आणि कुणाला अपील करावे लागले नसते.

४० हा आकडा एवढा मोठा का, हे ज्यांच्या घरात कुणी दिव्यांग नाही त्यांच्यासाठी सांगते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात ते एकवीस झाले. पण नोकरीतले आरक्षण, उच्च शिक्षणातल्या जागा, बहुतेक योजना, या सगळ्यांचे दार ४० टक्क्यांवर उघडते. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना तर ८० टक्क्यांना सुरू होते, आणि तिच्यात केंद्राकडून मिळतात महिन्याला ३०० रुपये. म्हणून राज्याच्या मदतीवरच सगळा भार येतो. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना २००१ साली सुरू झाली तेव्हापासून गोव्यात किती म्हाताऱ्यांची औषधे आणि किती विधवांचा किराणा तिच्यावर निघाला, हे गावात राहणाऱ्या कुणालाही विचारा. अशा योजना या राज्याचे भूषण आहेत, मी मनापासून म्हणते. त्यांच्या दारावर उभा असलेला आकडा चुकला तर आत कितीही चांगले असले तरी बाहेरच्याला काय?

सर्वोच्च न्यायालयाने या आकड्याला किती मान द्यायचा हेही सांगून ठेवले आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या खटल्यात प्रश्न परीक्षेत लेखनिक मिळण्याचा होता. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या त्या उमेदवाराची टक्केवारी ४० च्या कितीतरी खाली होती. न्यायालयाने म्हटले की ४० टक्के ही अट जिथे कायद्याने घातली आहे तिथेच ती लागू, बाकी ठिकाणी दिव्यांग माणसाला सोय नाकारायला ती ढाल म्हणून वापरता येणार नाही. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी ओंकार गोंड या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या खटल्यात न्यायालय याच्या पुढे गेले. त्याला ४० च्या वर टक्के होते म्हणून वैद्यकीय प्रवेश नाकारला जात होता. नुसता आकडा पाहून माणसाला बाद करता येणार नाही, तो माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो ते मंडळाने पाहिले पाहिजे आणि मत देताना कारणे दिली पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. एका खटल्यात आकडा कमी म्हणून अडवले, दुसऱ्यात जास्त म्हणून. दोन्हीकडे न्यायालय एकच सांगत होते: माणसाकडे बघा.

कारणे देण्याचे तर कायद्यात ठायी ठायी आहे. प्रमाणपत्र नाकारायचे असेल तर नकार लेखी आणि कारणांसह कळवायचा, हे २०१६ च्या कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांतच आहे. राज्य दिव्यांगजन आयुक्तांनी एखाद्या खात्याला शिफारस केली तर त्या खात्याने तीन महिन्यांत काय केले ते कळवायचे, आणि शिफारस मान्य नसेल तर का नाही हे आयुक्तांना आणि त्या माणसालाही कळवायचे, असे कायद्याचे ८१ वे कलम म्हणते. माणसाच्या हक्काचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याने कारणे नोंदवली पाहिजेत, हे तर घटनापीठाने १९९० साली एस. एन. मुखर्जी खटल्यात सांगितले आहे. "४० हून कमी, म्हणून अपात्र" हे कारण नव्हे, तो निकाल झाला. ४० हून कमी कसे, हे कारण.

आणि अपील. कायद्याचे ५९ वे कलम स्पष्ट आहे: प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल तर राज्य सरकारने नेमलेल्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. मुदत आणि पद्धत राज्याने नियमांनी ठरवायची. इतकी चांगली तरतूद संसदेने केली, आणि ज्याच्यासाठी केली त्याच्या हातातल्या कागदावर तिचा पत्ता नाही. वीज खात्याचे बिल घ्या, त्यावर तक्रार कुठे करायची ते छापलेले असते. माणसाची आयुष्यभराची मदत नाकारणाऱ्या कागदावर ते का नसावे? मुदत माहीत नसलेल्या माणसाची मुदत टळते. मग त्याला सांगितले जाते की आता उशीर झाला.

आम्ही दोन अपिले केली आहेत, कारण नकारही दोन आहेत हे आम्हाला उशिरा का होईना कळले. एक, टक्केवारीविरुद्ध, कलम ५९ खाली, केसपेपरच्या प्रती आणि सूत्राचा हिशेब जोडून. दुसरे, मदत नाकारणाऱ्या कचेरीच्या वरिष्ठांकडे, की पहिल्याचा निकाल लागेपर्यंत हा अर्ज निकालात काढू नये, उघडा ठेवावा. जे कुणी याच फेऱ्यात असतील त्यांनी हे ध्यानात ठेवावे: टक्क्यांचे भांडण कचेरीशी करून उपयोग नाही आणि योजनेचे भांडण डॉक्टरांशी. पहिल्यांदा केसपेपर मागवा. प्रमाणपत्र आणि केसपेपर शेजारी शेजारी ठेवून पाहा. आणि वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे दिव्यांग माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आमचा अर्ज लिहून देणारी तरुण वकील अशीच मिळाली. तिने कलमे नुसती जोडली नाहीत, भावाला समोर बसवून प्रत्येक वाक्य मराठीत वाचून दाखवले आणि मगच सही घेतली.

तिथून मला भाषेचे सुचले. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली आणि मराठीचा वापरही राजकारभारात करण्याची तरतूद झाली. तरी नकाराचा कागद इंग्रजीत. भाऊ सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकला, वर्तमानपत्र रोज वाचतो. त्याच्याबद्दलचा निर्णय त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. तो पोस्टमनसमोर कागद हातात घेऊन उभा होता आणि त्यात काय आहे ते त्याला माझी वाट बघून समजले. कोकणीत द्या, मराठीत द्या, ज्याला जी हवी तिच्यात द्या, अर्जावर तसा रकाना ठेवा.

शरीराचे अधूपण निदान पट्टीने मोजता येते. मनाच्या आजाराचे काय होते, तेही मी शेजारच्या वाड्यावर पाहिले आहे. त्या मोजमापासाठी आपल्या देशात स्वतंत्र पट्टी आहे. स्वतःची काळजी, लोकांशी वागणे, बोलणे-समजणे आणि काम, या चार गोष्टींत माणूस किती मागे पडला ते पाहायचे आणि आजाराला किती वर्षे झाली ते त्यात धरायचे. आता एक आई आपल्या तिशीतल्या मुलाला तपासणीला नेते. नेताना त्याला अंघोळ घालते, दाढी करते, इस्त्रीचा शर्ट घालते, कारण मोठ्या डॉक्टरांकडे पोरगा असातसा कसा न्यायचा? आत मुलगा विचारल्या प्रश्नांना हो-नाही म्हणतो, आणि स्वतःची काळजी घेतो असे कागदावर येते. ती काळजी कुणी घेतली हे आईला विचारल्याशिवाय कसे कळणार? तिला आत बोलावून दहा मिनिटे ऐकून घेतले असते तर त्या पट्टीवरचा प्रत्येक आकडा बदलला असता. तिच्याही हातात नुसता आकडा आहे. चारांपैकी कशाला किती गुण दिले हे तिला माहीत नाही, मग ती अपिलात म्हणणार काय?

काही नकार तर कागदावरही येत नाहीत. हयातीच्या दाखल्याच्या वेळी यंत्रावर अंगठा उमटत नाही, पैसे यायचे थांबतात, आणि का थांबले हे कुणी कळवत नाही. कुष्ठरोग होऊन गेलेल्यांची, भाजलेल्यांची, माझ्या भावासारखी बोटे आखडलेल्यांची ही अडचण जगजाहीर आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग आहे, आणि ओळख पटवण्याच्या पद्धती दिव्यांगांना जमतील अशा करा. थांबलेले पैसे हाही नकारच आहे. त्याचेही कारण लेखी मिळाले पाहिजे.

जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला. मी भावाच्या अपघाताच्या आधी, शाळेच्या काही मुलांना घेऊन, त्या पहिल्या फेस्टनंतरच्या एका फेस्टला गेले होते. देशभरातून आलेली माणसे पाहिली. व्हीलचेअरवरून बिनधास्त फिरणारी तरुण मुले, खुणांच्या भाषेत रंगलेल्या गप्पा, जिथे तिथे उतार केलेले. आमच्या वर्गातला एक कमी ऐकू येणारा मुलगा दिवसभर हसत होता. आपल्या राज्याने हे करून दाखवले याचा मला तेव्हाही अभिमान वाटला आणि आजही वाटतो. जे सरकार समुद्रकाठच्या वाळूपर्यंत व्हीलचेअर नेण्याचा विचार करू शकते, त्याला अर्ध्या पानाचा तक्ता अवघड नाही. म्हणून तर मागायचे धाडस होते.

तेव्हा डॉक्टरांनो, तुमच्याकडे माझे मागणे असे. प्रमाणपत्राबरोबर मोजमापाचा तक्ता द्या, त्यात तपासलेला प्रत्येक अवयव आणि लावलेले सूत्र दिसू द्या. पायाचे दिव्यांगत्व असलेल्याला खाटेवरून उठवा, चालवा, जिन्यापर्यंत न्या, बसवून पाहा. वेळ पुरत नसेल तर तसे सरकारला लेखी कळवा आणि तुमची माणसे वाढवून मागा. त्या मागणीवर आम्हीही सह्या करू. सोबत आलेल्या घरच्या माणसाचे ऐका, विशेषतः आजार मनाचा असेल तेव्हा.

आणि अधिकारीवर्गाला असे की ४० च्या खाली असलेल्या प्रमाणपत्रावर अर्ज फेटाळण्याआधी एकदा अर्जदाराला विचारा, दुसरे काही अधूपण आहे का जे यात आलेले नाही. अर्ज एकदम बाद करू नका, फेरतपासणीपर्यंत थांबवून ठेवा. आणि फेटाळावाच लागला तर अपील अधिकाऱ्याचे पद, पत्ता आणि शेवटची तारीख त्या कागदावर छापा. तारीखच छापा. नुसते "विहित मुदतीत" लिहू नका, ती मुदत मोजायला आमच्याकडे नियमांचे पुस्तक नसते. नागरिकांना ठरल्या वेळेत सेवा देण्याचा कायदा गोव्याने २०१३ सालीच केला आहे, त्यामुळे वेळेचे बंधन तुम्हाला नवे नाही. राज्य दिव्यांगजन आयुक्तांनाही मी या पत्राची प्रत पाठवते आहे. कायद्याने त्यांना आपण होऊन दखल घेण्याचा अधिकार दिला आहे, आणि नकाराच्या कागदाचा एकच नमुना सगळ्या कचेऱ्यांना घालून द्यावा अशी शिफारस त्यांनी करावी, अशी माझी विनंती आहे.

भावाच्या अपिलाची सुनावणी अजून व्हायची आहे. तारीख लागेल तेव्हा ती ज्या खोलीत ठेवाल ती कृपा करून तळमजल्यावरची असू द्या.

आपली विश्वासू,
एका पाडेल्याची बहीण
पेडणे तालुका, गोवा